पंखा बंद पडला तर?

हेलिकॉप्टर शिकायला जाणार असं आईला फोनवर सांगितलं, तेव्हा ती जरा वेळ गप्पच बसली. मग म्हणाली, "अगं, आणि पंखा बंद पडला तर?" विमानाला निदान पंख तरी असतात, तुझं हे म्हणजे नुसतं टांगलेलं डबडं, असं तिचं म्हणणं. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. पुढचं वर्षभर आणि साडेसत्तावीस हजार डॉलर मी बहुतेक त्या एकाच प्रश्नावर खर्च केले.

हा अनुभव अमेरिकेत हेलिकॉप्टरचा खासगी वैमानिक परवाना काढण्याचा आहे. वय ४१, हातात ग्रीन कार्ड, आठवडाभर नोकरी आणि उड्डाणाला फक्त शनिवार-रविवार. नागरिक नसलेल्यांना जास्तीचं काय करावं लागतं हे मला एका जागी कुठे सापडलं नाही, म्हणून कागदपत्रांसकट सगळं लिहितेय.

ऑगस्ट २०२४ मध्ये अर्ध्या तासाची डेमो फ्लाइट घेतली. तिला कुठलीही परवानगी लागत नाही, त्यामुळे आवड खरी की हौस, हे आधी तिथेच तपासून घ्या. उतरल्यावर एका शाळेने मला पंधरा हजार डॉलर एकरकमी भरल्यास दहा टक्के सूट देऊ केली. मी मोहात पडले होते. पण त्याच विमानतळावर विमान ठेवणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्सची गोष्ट सांगितली. देशभर शाखा असलेली ही शाळा फेब्रुवारी २००८ मध्ये अचानक बंद पडली आणि विद्यार्थ्यांनी कर्ज काढून आगाऊ भरलेले पैसे अडकले. मी दुसरी शाळा धरली, जिथे प्रत्येक उड्डाणानंतर पैसे द्यायचे. सूट गेली, झोप राहिली.

मग कागद. क्रम महत्त्वाचा आहे, कारण माझा चुकला. मी आधी हेडसेट विकत घेतला (जुना, ४०० डॉलर), आणि मेडिकल नंतर. उलटं करा. एफएए, म्हणजे अमेरिकेतली नागरी उड्डाणांची सरकारी संस्था, तिचं थर्ड क्लास मेडिकल (वैमानिकाचा आरोग्य दाखला) आधी घ्या. त्याचा फॉर्म मेडएक्सप्रेस नावाच्या साइटवर भरायचा आणि मग त्यांच्या नेमलेल्या डॉक्टरकडे जायचं. लहानपणी दमा होता, असं मी प्रामाणिकपणे लिहिलं. डॉक्टर म्हणाले, आता काही त्रास नाही हे तुझ्या नेहमीच्या डॉक्टरांकडून लिहून आण. त्या एका पत्रापायी दोन आठवडे गेले. फी १७५ डॉलर. चाळिशीच्या आत असाल तर हे सर्टिफिकेट ६० महिने चालतं, माझ्यासारख्यांना २४. लपवाछपवी करू नका, पण फॉर्म सबमिट करण्याआधी जुनी औषधं, ऑपरेशन, तारखा कागदावर काढून ठेवा.

दुसरा कागद टीएसएचा, म्हणजे वाहतूक सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा. अमेरिकेचे नागरिक नसाल तर ग्रीन कार्ड असलं तरी सुरक्षा तपासणी लागते, आणि ती मंजूर होईपर्यंत शिक्षण सुरू करता येत नाही. अर्ज ऑनलाइन, १४० डॉलर, बोटांचे ठसे वेगळ्या केंद्रावर जाऊन. मला मंजुरी यायला १९ दिवस लागले. तिसरा स्टुडंट पायलट सर्टिफिकेटचा. तो आयाक्रा नावाच्या साइटवर इन्स्ट्रक्टरच्या समोर बसून भरायचा असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. एकट्याने उडण्याआधी तो हातात हवा. तिन्ही ठिकाणी नाव पासपोर्टवर आहे तस्संच लिहा. मी एका ठिकाणी वडिलांचं नाव मधे घातलं, एका ठिकाणी गाळलं, आणि ते निस्तरायला तीन फोन करावे लागले.

पहिला धडा १२ ऑक्टोबर २०२४, शनिवार.

आमचं हेलिकॉप्टर रॉबिन्सन आर-२२. दोन माणसांचं, चार सिलिंडरच्या इंजिनाचं, भरल्या वजनाने जास्तीत जास्त ६२१ किलो. लांबून ते खेळण्यासारखं दिसतं, जवळ गेल्यावर तर आणखीच. विद्यार्थी उजव्या सीटवर बसतो, इन्स्ट्रक्टर डावीकडे. उजव्या हातात सायक्लिक, म्हणजे कुठल्या दिशेला जायचं ते. दोन्ही पायांशी पेडल, म्हणजे नाक कुठे वळवायचं ते. आणि डाव्या हाताला, गाडीच्या हँडब्रेकसारखा दिसणारा कलेक्टिव्ह. तो वर ओढला की दोन्ही पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि हेलिकॉप्टर वर जातं, खाली दाबला की खाली. एक हलवलं की बाकीची दोन्ही बदलावी लागतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं. वाचून काही होत नाही.

जमिनीपासून पाच फुटांवर एका जागी स्थिर राहायचं, त्याला हॉवर म्हणतात. माझ्या इन्स्ट्रक्टरने आधी मला फक्त पेडल दिली, मग फक्त कलेक्टिव्ह, मग फक्त सायक्लिक. एकेक करून सगळं जमत होतं. तिन्ही एकदम हातात आली आणि दहा सेकंदांत आम्ही झोपाळ्यावर बसल्यासारखे मैदानभर हेलकावायला लागलो. तो शांतपणे म्हणायचा, "घेतलं मी," दोन बोटांनी ते सरळ करायचा आणि परत माझ्या हातात द्यायचा. तो माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान. असे बरेच इन्स्ट्रक्टर तास जमवायला शिकवत असतात आणि मग मोठ्या नोकरीवर निघून जातात, त्यामुळे मधेच इन्स्ट्रक्टर बदलण्याची तयारी ठेवा. माझा सुदैवाने शेवटपर्यंत टिकला.

मीटर सहा-सहा मिनिटांनी पुढे सरकतो. इन्स्ट्रक्टरसकट तासाला ३९५ डॉलर, म्हणजे सहा मिनिटांना साडेएकोणचाळीस. पहिले पाच-सहा धडे मी हॉवर करताना मनात हेच गुणाकार करत होते. ते बंद झालं त्या दिवशी हॉवर जमलं, असं म्हणायला मला आवडेल, पण तसं काही झालं नाही. इन्स्ट्रक्टरने सांगितलं, समोरच्या गवताकडे बघू नकोस, लांबच्या झाडाकडे बघ. आणि उजवा हात मांडीवर टेकव. एवढ्याने अर्धं काम झालं. नोव्हेंबरच्या शेवटी, नवव्या तासाला, एका जागी मिनिटभर राहिले. घाम मात्र तासाभराचा.

डिसेंबर-जानेवारीत कागदावर लिहिण्यासारखं फारसं काही घडलं नाही. ढग खाली, वारा जास्त. त्यातच शाळेच्या दोनांपैकी एका आर-२२चे २,२०० तास भरले. तेवढ्या तासांनी किंवा १२ वर्षांनी, जे आधी होईल तेव्हा, या हेलिकॉप्टरचं पूर्ण ओव्हरहॉल करावं लागतं. ते गेलं, आणि उरलेल्या एकावर सगळे विद्यार्थी. सात शनिवारांत माझी तीन उड्डाणं झाली. शाळा निवडताना हेलिकॉप्टरं किती आणि कुणाचे किती तास उरलेत, हे विचारा. मी दर विचारला होता, हे नाही.

त्या काळात जमिनीवरचा अभ्यास झाला. आर-२२ आणि त्याचं मोठं भावंड आर-४४ यांच्यासाठी एफएएचा वेगळा नियम आहे, एसएफएआर ७३. पाती मंदावणं, उड्डाणात वजनरहित अवस्था येणं, पातं मास्टवर, म्हणजे पाती फिरवणाऱ्या खांबावर, आपटणं, या धोक्यांचं शिक्षण झाल्याची नोंद लॉगबुकात (उड्डाणांच्या नोंदवहीत) लागते. शिवाय नवशिक्याला आर-२२ मध्ये इन्स्ट्रक्टरबरोबर किमान २० तास झाल्याशिवाय एकट्याने उडता येत नाही. नियम आधी जाचक वाटला. मग त्यामागचं कारण कळलं, आणि तेच आईच्या प्रश्नाचं उत्तर निघालं.

इंजिन बंद पडलं म्हणून पंखा बंद पडत नाही. सायकलची पॅडल थांबवली तरी मागचं चाक फिरत राहतं, तसंच इथे फ्रीव्हील असतं. इंजिन थांबलं की ते पात्यांना मोकळं सोडतं. हेलिकॉप्टर खाली यायला लागलं की खालून येणारा वारा पात्यांना फिरवतो. भिरभिरं घेऊन पळताना जे होतं तेच, फक्त इथे पळणं खालच्या दिशेला. याला ऑटोरोटेशन म्हणतात. जमिनीजवळ आल्यावर नाक वर करून वेग मारायचा आणि पात्यांत साठलेल्या फिरकीवर शेवटची टेकण घ्यायची.

अट एकच. इंजिन गेल्या गेल्या डावा हात खाली जायला हवा. कलेक्टिव्ह वर राहिला तर पात्यांचा कोन मोठा राहतो, हवेचा अडथळा त्यांना मंदावतो. आर-२२ची पाती हलकी, त्यांत फिरकी फार साठत नाही. हातात साधारण सेकंद-दीड सेकंद. पात्यांचे फेरे नेहमीच्या ९७ टक्क्यांवर आले की भोंगा वाजतो. ८० टक्के अधिक दर हजार फूट उंचीला एक टक्का, याच्या खाली गेलं की पाती हवा धरत नाहीत आणि मग परतीचा रस्ता नाही.

आणि माणूस घाबरला की काय करतो? वर ओढतो.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी तेच केलं. इन्स्ट्रक्टरने गव्हर्नर बंद केला होता. गव्हर्नर म्हणजे फेरे आपोआप राखणारी यंत्रणा. तो नसताना थ्रॉटल, म्हणजे कलेक्टिव्हवरची इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी मूठ, मनगटाने पिळून फेरे राखायचे असतात. मी धावपट्टीकडे बघण्यात गुंतले, मनगट ढिलं पडलं, आणि कानात भोंगा वाजला. समोर इशाऱ्याचा दिवा. जमीन जवळ होती, म्हणून माझा डावा हात वर गेला. भोंगा थांबेना. "घेतलं मी." त्याचा हात माझ्या हातावरून खाली गेला, मनगटाचा एक पीळ, आणि आवाज बंद. सगळं मिळून दोन सेकंद असतील. तो रागावला नाही. उतरल्यावर फक्त एवढंच म्हणाला, "तू हात वर केलास हे तुला कळलं का?" मला कळलं नव्हतं. मी त्याला सांगितलं की मी खालीच दाबला होता. माझी तशी खात्री होती.

त्या रात्री झोप लागली नाही. सोडून द्यावं असं वाटलं. तेव्हापर्यंत ९,००० डॉलर गेले होते, आणि आता सोडलं तर ते फुकट, या हिशेबापायीही मी टिकले, हे कबूल करते.

अडचण अशी की हे हवेत अचानक शिकवता येत नाही. न सांगता थ्रॉटल बंद करून विद्यार्थ्याची परीक्षा घेण्यात अपघात झाले आहेत. रॉबिन्सनची त्यावर स्वतंत्र सुरक्षा सूचना आहे, क्रमांक २७. त्यामुळे चांगला इन्स्ट्रक्टर आधी बोलतो, "तीन, दोन, एक," आणि मग थ्रॉटल काढतो. म्हणजे अचानकपणा घरूनच आणावा लागणार.

घरी मी खुर्चीच्या डाव्या अंगाला मिटलेली छत्री बांधली, कलेक्टिव्हच्या उंचीवर. नऊ वर्षांच्या मुलीला सांगितलं, तुला वाटेल तेव्हा ओरड, "पंखा बंद!" आणि मी छत्री खाली दाबते की नाही ते बघ. तिने ही जबाबदारी फारच मनावर घेतली. मी बॉसशी बोलत असताना. मी गाडी धूत असताना, जिथे छत्रीच नाही. पहाटे साडेपाचला, दारात उभं राहून. पहिल्या आठवड्यात दहात चार वेळा हात आधी वर जायचा, मग खाली. ती वहीत फुल्या मारायची. मार्चमध्ये फुल्या थांबल्या. इन्स्ट्रक्टरला मी हे सांगितलं नाही, पण तो एकदा म्हणाला, तुझा डावा हात बदललाय.

३० मार्च २०२५, सत्ताविसावा तास. मी ५८ किलोची, आणि आर-२२ मध्ये एकट्याने बसायला फलकावर लिहिलंय त्या किमान वजनापेक्षा कमी. डावी सीट रिकामी झाली की यंत्राचा तोल मागे सरकतो. म्हणून इन्स्ट्रक्टरने शिशाच्या गोळ्यांची पिशवी डाव्या सीटखालच्या कप्प्यात ठेवली, वजन-तोलाचा तक्ता माझ्याकडून पुन्हा करून घेतला, लॉगबुकात एकट्याने उडण्याची ९० दिवसांची परवानगी लिहिली आणि दार लावून चालू लागला. कलेक्टिव्ह नेहमीच्या जागी यायच्या आधीच हेलिकॉप्टर जमिनीवरून सुटलं, इतकं ते हलकं झालं होतं. तीन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत मी डावीकडे वळून त्याला काहीतरी विचारलंसुद्धा. सडपातळ असाल तर वजनाची ही भानगड पहिल्याच दिवशी काढा. आमच्याकडे ती पिशवी शोधण्यात एक रविवार गेला होता.

लेखी परीक्षा मे महिन्यात. ६० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के, फी १७५ डॉलर, निकाल लगेच, आणि तो २४ महिने चालतो. मला ८२ मिळाले. हवामानाचे कोड आणि हवाई हद्दीचे नकाशे यांवर वेळ घाला, बाकीचं उडताना आपोआप बसतं.

त्यानंतर तासांची जुळवाजुळव. नियमाप्रमाणे एकूण किमान ४० तास: २० इन्स्ट्रक्टरबरोबर, १० एकट्याने. त्यात ३ तास रात्रीचे, १० उड्डाणं आणि १० उतरणं धरून. एकट्याने एक लांबचा प्रवास, एकूण १०० सागरी मैल, तीन ठिकाणी उतरून. माझे शेवटी ६१ तास झाले. ४० तासांचा हिशेब धरून पैसे बाजूला काढू नका. मला भेटलेल्या कुणाचेही ४० मध्ये झाले नव्हते.

लांबच्या प्रवासाला १२ जुलैला निघाले. उन्हाळा म्हणून दारं काढलेली. दारं नसताना केबिनमधली कुठलीही सुटी वस्तू उडाली तर थेट शेपटीच्या पंख्यात जाऊ शकते, म्हणून नकाशा मांडीला पट्ट्याने बांधलेला, पेन दोरीने, केसांची पिनसुद्धा काढून ठेवलेली. दुसऱ्या विमानतळावर उतरले तर इंधनाचा पंप बंद. पंपावर चिठ्ठी: 'दुरुस्तीला दिला आहे.' हिशेबाने पुढच्या ठिकाणापर्यंत पुरत होतं, वर अर्ध्या तासाची शिल्लक. तरी पंधरा मिनिटं सावलीत बसून मी तोच हिशेब चार वेळा केला. चारही वेळा उत्तर तेच आलं, मग निघाले.

आता जी चूक मला महागात पडली ती. अंतिम परीक्षा, म्हणजे चेकराइड, घेणारे परीक्षक कमी आणि हेलिकॉप्टरवाले त्याहून कमी. जुलैच्या सुरुवातीला विचारलं तर तारीख मिळाली ६ सप्टेंबर. आम्ही परीक्षेच्या तयारीचे ३ तास जूनमध्येच उरकले होते. नियम म्हणतो, हे ३ तास परीक्षेच्या महिन्याआधीच्या दोन कॅलेंडर महिन्यांतले हवेत. सप्टेंबरसाठी जुलै आणि ऑगस्ट. जून बाद. ऑगस्टमध्ये परत उडावं लागलं, जवळजवळ १,२०० डॉलर. तारीख आधी मिळवा, मग तयारीचे तास मोजा.

६ सप्टेंबरला सकाळी नऊला तोंडी परीक्षा सुरू झाली. परीक्षक फारसे हसत नव्हते, पण अडवतही नव्हते. लॉगबुकाची पानं त्यांनी एकेक करून उलटली, प्रत्येक परवानगीची तारीख बोट ठेवून वाचली. मग विचारलं, बहिणीला फिरवून आणलंस आणि तिने तुला इंधनाचे पूर्ण पैसे दिले तर चालेल का? नाही, खर्चात माझा वाटा मी भरलाच पाहिजे. दोन तासांनी बाहेर आलो तर वाऱ्याची दिशादर्शक पिशवी आडवी ताणलेली आणि झोत मधेच पंधरा नॉट्सनी वाढतोय. उडायचं की नाही हे त्यांनी माझ्यावर सोडलं. मी नाही म्हटलं. त्यांनी लेटर ऑफ डिस्कन्टिन्युअन्स लिहून दिलं. ६० दिवसांत परत आलात तर झालेला भाग पुन्हा द्यावा लागत नाही. नापास झाल्याची नोंद होत नाही. हे पत्र मागायला लाजू नका.

२१ सप्टेंबरला वारा पडलेला. हॉवर, उतारावर टेकणं, अरुंद जागेत उतरणं, सगळं बरं गेलं. उतारावर एकदा स्किड (चाकांऐवजी असलेली खालची दांडी) जरा घसरली, त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. मग हजार फुटांवर ते म्हणाले, आता सरळ ऑटोरोटेशन, मी मोजतो. "तीन, दोन..."

माझा डावा हात 'दोन'लाच खाली गेला होता.

"मी 'एक' म्हणायचोय अजून," ते म्हणाले. मग पुन्हा वर जाऊन परत केलं. ६५ नॉट्स, फेरे हिरव्या पट्ट्यात, चाळीस फुटांच्या आसपास नाक वर, इंजिन परत जोडलं, पाच फुटांवर हॉवर. उतरल्यावर त्यांनी छापील तात्पुरता परवाना दिला, १२० दिवसांचा. परीक्षकांची फी ९०० डॉलर, हेलिकॉप्टरचं भाडं वेगळं.

गाडीत बसून आईला फोन केला. तिला भिरभिऱ्याचं सगळं नीट समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि ते भिरभिरंच मोडलं तर?"

प्लास्टिकचं कार्ड नोव्हेंबरमध्ये टपालाने आलं. मी दारातच पाकीट फोडलं, कार्ड डाव्या हातात धरून उजेडात नाव बरोबर छापलंय ना बघत होते. मागून आवाज आला, "पंखा बंद!" कार्ड सोफ्याखाली गेलं. झाडूने काढावं लागलं.